पोटाला मुका मार: ऊसफडातून आलेल्या एका रुग्णाचा तपास

रुग्ण ३२ वर्षांची, ऊसतोड कामगार, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावची. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाच्या टोळीबरोबर गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात आलेला. जानेवारीतल्या एका पहाटे सव्वापाचच्या सुमारास ट्रॉली भरताना ती पडली आणि सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना मुकादमाच्या जीपमधून तालुक्याच्या ठिकाणच्या आमच्या रुग्णालयात आली. जीपमधून उतरून ती स्वतःच्या पायांनी चालत आत आली. मुकादमाचं म्हणणं असं की एक सोनोग्राफी करा, एखादं इंजेक्शन द्या, दुपारपर्यंत दुसरी ट्रॉली भरायची आहे.

या रुग्णाबद्दल सविस्तर लिहायचं कारण तिची दुखापत दुर्मीळ होती असं नाही. पोटाच्या मुक्या मारात आपण ज्या तपासण्यांवर विसंबतो, त्यातली जवळजवळ प्रत्येक तपासणी तिच्या बाबतीत आपापल्या परीने खरं बोलली आणि तरी अपुरी ठरली. सोनोग्राफी निर्मळ, क्ष-किरण चित्रात हवा नाही, रक्तदाब चांगला, आणि सीटी स्कॅनमध्ये एक अशी जखम सापडली की जिच्यावर समाधान मानून थांबण्याचा मोह कुणालाही व्हावा. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मार कसा बसला

नवऱ्याने पहिल्यांदा सांगितलं ते एवढंच: "फळीवरून पाय घसरला, साहेब." केसपेपरवर 'फॉल फ्रॉम हाइट' असं लिहून पुढे जाण्याइतकी ही माहिती पुरेशी वाटते, पण पोटाच्या बाबतीत ती काहीच सांगत नाही. कुठे पडली, कशावर पडली, अंगावर काय पडलं, हे विचारल्यावर चित्र बदललं.

ऊस तोडून मोळ्या बांधल्या की मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं असतं. मोळी तीस-चाळीस किलोची. पहाटे फळीवर दव असतं आणि उजेड असतो तो ट्रॅक्टरच्या दिव्याचा, तोही समोरून डोळ्यांवर येणारा. ती जवळजवळ वर पोचली होती. घसरली ती जमिनीवर पडली नाही, दोन ट्रॉल्यांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर पालथी आदळली, आणि तिची मोळी तिच्याच पाठीवर आली. म्हणजे पोट खालच्या लोखंडात आणि वरच्या ओझ्यात क्षणभर चेपलं गेलं.

असं चेपणं आणि नुसतं पडणं यात फार फरक आहे. चेपल्यावर प्लीहा (पाणथरी) आणि यकृत फाटू शकतातच, पण आतड्याचा एखादा बंद भाग आतल्या दाबाने फुटू शकतो, आणि आतड्याला धरून ठेवणारी आंत्रबंधनी ओढली जाऊन चिरू शकते. मोटारीत सीटबेल्टमुळे आणि लहान मुलांत सायकलच्या हँडलमुळे होतात, त्याच जातीच्या या जखमा. स्वादुपिंडही मणक्यावर चेपलं जातं. तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच आमची यादी प्लीहेपुरती राहिली नव्हती.

पहिली तपासणी

श्वासमार्ग मोकळा, शुद्ध पूर्ण. श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९७ टक्के. नाडी १०४, रक्तदाब ११२/७८. हात-पाय गार, पण जानेवारीतल्या पहाटे उघड्या जीपमधून आलेल्या माणसाचे ते असणारच. वजन ४२ किलो.

हे वजन लक्षात ठेवायला हवं. रक्तस्रावाच्या पायऱ्या शिकवताना पहिल्या पायरीची हद्द ७५० मिली सांगितली जाते, ती सत्तर किलोच्या पुरुषाची. ४२ किलोच्या बाईच्या अंगात रक्तच मुळात पावणेतीन लिटरच्या आसपास. तिचे १५ टक्के म्हणजे ४००-४२५ मिली. पोटात लपायला ही काहीच रक्कम नाही, दोन पेले. रक्तदाब ११२ दिसतो म्हणून 'स्टेबल' लिहिण्याआधी नाडीला रक्तदाबाने भागून पाहावं: १०४ भागिले ११२ म्हणजे ०.९३. हा आकडा ०.९ च्या वर गेला की कान टवकारावेत. वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक ३४, तोही जेमतेम. तरुण माणसाच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ धरून ठेवतात आणि सोडतात तेव्हा एकदम सोडतात.

पोटावर बेंबीच्या डावीकडून खाली ओटीपोटाकडे जाणारा तिरपा, चार बोटं रुंद काळानिळा पट्टा होता. दांड्याचाच ठसा. पोटाच्या भिंतीवर असा ठसा असेल तर आतड्याच्या जखमेची शक्यता वाढते, आणि पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या तरी ती शक्यता खोडली जात नाही. डाव्या खालच्या फासळ्यांवर दाबल्यावर दुखत होतं. पोट मऊ, डावीकडे दुखरं, पण कडक नाही. बेंबीखाली उभा जुना व्रण.

"हे ऑपरेशन कशाचं, ताई?"

"पिशवी काढलीय. चार वर्सं झाली."

वय ३२, म्हणजे गर्भाशय काढलं तेव्हा २८. बीड जिल्ह्याच्या बाहेर कुणी हे वाचत असेल तर दचकेल, इथे कुणी दचकत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं. हा सामाजिक प्रश्न आहे आणि त्यावर बरंच लिहून झालं आहे. आमच्यापुढे त्या सकाळी त्याचा वेगळाच, निव्वळ शस्त्रक्रियेचा अर्थ होता. पोट एकदा उघडलेलं आहे, म्हणजे आत चिकटे, जखम भरताना तयार झालेले चिवट धागे, असू शकतात. चिकट्यामुळे आतडं एखाद्या जागी पोटाच्या भिंतीला जखडलेलं असतं. मोकळं आतडं मार बसल्यावर सरकून बाजूला होतं, जखडलेलं आतडं ओढलं जातं आणि जखडल्या जागेच्या लगत फाटतं. शिवाय आत रक्त साठलं तरी चिकटे त्याला नेहमीच्या खोलगट जागांकडे वाहून जाऊ देतीलच असं नाही, म्हणजे सोनोग्राफीही फसू शकते.

कागद कुठलेच नव्हते. बीजांडकोश ठेवले की काढले, हे तिला ठाऊक नव्हतं. बाळंतपणाच्या वयातल्या कोणत्याही जखमी बाईची लघवीची गर्भतपासणी करायची हा आमचा शिरस्ता आहे, तिचीही केली. काही रुपयांची पट्टी आहे ती, तोंडी माहितीवर ती वाचवण्यात हशील नाही.

डावा खांदा दुखतो का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "खांदे तर रोजच दुखायलेत." खरंच होतं. रोज मोळ्या वाहणाऱ्या बाईला खांदेदुखी विचारून काय कळणार? पण प्लीहेतून गळलेलं रक्त छाती-पोटामधल्या पडद्याखाली डाव्या बाजूला जाऊन टोचायला लागलं की दुखतं ते खांद्याच्या टोकाला, आणि खांदा दाबला किंवा हलवला तर ते दुखणं वाढत नाही. तिला आडवं झोपवून पाय थोडे वर केले. मिनिटभराने ती म्हणाली, "आता जास्त दुखायलंय, हितं वर." खांदा दाबून पाहिला तर काही नाही. हे दुखणं मोळीचं नव्हतं.

पाठ पाहण्यासाठी तिला तिघांनी मिळून ओंडक्यासारखं कुशीवर वळवलं. कंबरेचे मणके दाबून पाहिले, कारण पोट असं चेपतं तेव्हा कमरेचा मणकाही मोडू शकतो आणि पोटाच्या गडबडीत तो राहून जातो. दुखलं नाही. ओटीपोटाची हाडं एकदाच, हलक्या हाताने पाहिली. ती हलवून-हलवून पाहण्याची सवय अजून काही ठिकाणी दिसते, ती मोडायला हवी. मोडलेलं ओटीपोट हलवलं की साकळलेलं रक्त सुटतं.

दोन्ही हातांत जाड सुया, रक्तगट आणि जुळवणीसाठी नमुना, अंगावर गरम घोंगडं. रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक आम्ल १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून दिलं आणि पुढचा १ ग्रॅम आठ तासांत हळूहळू जाईल असा लावला. हे औषध मार बसल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं असतं. क्रॅश-२ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले आणि त्यांचं वेळेनुसार विश्लेषण २०११ मध्ये, तेव्हापासून हे स्पष्ट आहे की ते लवकर दिलं तर जीव वाचतात आणि तीन तासांनंतर दिलं तर उलट अपाय होऊ शकतो. आमच्याकडे सव्वाआठपर्यंतची मुदत होती. सलाइन मात्र हात राखून.

आणि वेदनाशामक दिलं, शिरेतून, थोड्या थोड्या मात्रेत. 'निदान होईपर्यंत दुखणं दाबू नका' हा जुना दंडक आता कुणी पाळू नये. विव्हळणाऱ्या माणसाचं पोट तपासताच येत नाही, दुखणं थोडं शमलं की नेमकी दुखरी जागा जास्त नीट सापडते.

सोनोग्राफी काय सांगते आणि काय नाही

सात वाजून पाच मिनिटांनी खाटेवरच फास्ट केलं, म्हणजे पोटात मोकळं रक्त शोधणारी झटपट सोनोग्राफी. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट, प्लीहा आणि डाव्या मूत्रपिंडामधली फट, ओटीपोट, हृदयाभोवतीचं आवरण. जोडीला दोन्ही बाजूंची छाती. कुठेच पाणी नाही, फुप्फुसं जागेवर सरकत होती. ओटीपोटाची खिडकी काही धड मिळाली नाही, कारण ती फडातच लघवी करून आली होती. मूत्राशय भरलेलं असलं की त्याच्या आडून मागचं पाणी दिसतं, रिकामं असलं की आतड्यातल्या हवेचा पडदा आड येतो. म्हणून लघवीची नळी सोनोग्राफीनंतर घालावी. आम्ही नळी घातली, दोनशे मिली सलाइन आत सोडून नळी चिमटली आणि पुन्हा पाहिलं. तरीही काही दिसलं नाही. नंतर निघालेली लघवी स्वच्छ होती.

मुकादमाला हे कळल्यावर तो उठलाच. "मग झालं ना साहेब, सोनोग्राफी नॉर्मल हाय."

त्याला काय समजावलं ते इथे सांगतो, कारण हाच गैरसमज पांढऱ्या कोटातही भेटतो. फास्ट ही तपासणी पोटात जखम आहे का हे विचारतच नाही. ती एवढंच विचारते की या क्षणी पोटात मोकळं रक्त दिसण्याइतकं साठलं आहे का. साधारण २०० मिलीच्या खाली सराईत हातालाही ते दिसत नाही. प्लीहा फाटून रक्त तिच्या आवरणातच अडलं असेल, आतड्याला बारीक भोक पडलं असेल, स्वादुपिंड किंवा मूत्रपिंडामागे रक्त साकळलं असेल, तर फास्ट निर्मळ येणार. ४२ किलोच्या बाईचं २०० मिली रक्त म्हणजे काही कमी नव्हे, पण ते अजून सांडायचं असेल तर यंत्र तरी काय दाखवणार?

फास्टचा खरा उपयोग वेगळ्या रुग्णात. समजा हीच बाई ८० च्या रक्तदाबाने आली असती. तेव्हा फास्टमध्ये पाणी दिसलं तर सीटीचा विचारही न करता थेट शस्त्रक्रियागृह. पाणी दिसलं नाही तर रक्त दुसरीकडे शोधायचं: छातीत, ओटीपोटाच्या मोडलेल्या हाडांमागे, मांडीत, नाहीतर गाडीच्या फाळक्यावर सांडून आलेलं. सोनोग्राफी नसेल किंवा शंका राहिली तर पोटात नळी घालून पाहण्याची जुनी पद्धत आहेच, १९६५ पासूनची. नळीतून थेट १० मिली रक्त आलं, किंवा पित्त, अन्न आलं, तर पोट उघडायचं. बेंबीखाली आधीचा व्रण असेल तर नळी बेंबीच्या वरून, छोटी चीर देऊन, डोळ्यांना दिसेल अशी घालायची. नव्या मुलांना ही पद्धत शिकवणं बंद होत चाललं आहे. मला ते पटत नाही. रात्री सीटी बंद आणि सोनोग्राफीचा प्रोब बिघडलेला, असं आमच्या भागात होतं.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.२. यावरून रक्त गेलं म्हणायचं की मुळातच कमी होतं? महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका पंडुरोगी आहेत, ऊसतोडीतल्या तर सांगायलाच नको. शिवाय ताज्या रक्तस्रावात जे उरतं ते त्याच दाटपणाचं असतं, आकडा उतरायला वेळ लागतो. पहिल्या हिमोग्लोबिनचा उपयोग दुसऱ्याशी तुलना करण्यापुरता. पांढऱ्या पेशी १३,८००. मार बसल्यावर त्या अशाच वाढतात, त्याला इतक्यात महत्त्व नाही. स्वादुपिंडातून येणारं अमायलेज नेहमीचं, पण पहिल्या काही तासांत स्वादुपिंड फाटूनही ते नेहमीचंच असू शकतं. छातीच्या चित्रात डावी दहावी फासळी मोडलेली. पडद्याखाली हवा नाही. लहान आतड्यात मुळात हवा थोडी, त्यामुळे भोक पडलं तरी सुरुवातीला ती दिसेलच असं नाही.

वाट पाहणं हीही तपासणी

ठरवलं की तीच व्यक्ती, म्हणजे मी, दर पाऊण तासाने पोट तपासणार. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड. पाळीत डॉक्टर बदलतो, नवा डॉक्टर पोट 'सॉफ्ट' लिहितो, आधीच्याचंही 'सॉफ्ट' असतं, आणि दोन 'सॉफ्ट'मधला फरक कुणाच्याच लक्षात येत नाही. एकाच हाताने पाहिलं तर हाताला आठवतं.

७:५० ला नाडी १०६, दुखणं तेवढंच. ८:४० ला नाडी ११२, रक्तदाब १०८/८०, म्हणजे वरच्या-खालच्यातला फरक २८ वर आलेला. दुखणं आता बेंबीखाली, जुन्या व्रणाच्या डावीकडे सरकलं होतं आणि तिथे बोट लावताच स्नायू आपोआप ताठत होता. पुन्हा फास्ट केलं. चारही नेहमीच्या जागा अजून कोरड्याच, पण ओटीपोटाच्या डाव्या बाजूला दोन आतड्यांच्या बेचक्यात एक काळी त्रिकोणी चिरी दिसली. सकाळी ती नव्हती.

मोडकी फासळी, खांद्याचं दुखणं, यावरून सगळ्यांच्या मनात प्लीहाच होती. पण प्लीहेचं रक्त आधी वर, डाव्या किंवा उजव्या फटीत दिसायला हवं. दोन्ही फटी कोरड्या आणि खाली आतड्यांच्या मध्ये पाणी, हे प्लीहेच्या हिशेबात बसत नव्हतं.

रक्तदाब टिकून होता म्हणून सीटी करता येत होता. सीटीची सोय गावातच, दुसऱ्या इमारतीत. तिथे जाताना ऑक्सिजन, मॉनिटर, लटकवायला तयार रक्ताची एक पिशवी आणि सोबत भूलतज्ज्ञ. रक्तदाब डळमळीत असलेल्या रुग्णाला सीटीच्या बोगद्यात घालायचं नाही, आणि टिकून असलेल्यालाही एकटं पाठवायचं नाही. मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणाऱ्या क्रिएटिनिन तपासणीसाठी थांबलो नाही. तोंडावाटे रंगद्रव्यही (सीटीत अवयव उठून दिसण्यासाठी देतात ते) दिलं नाही, त्यातून फार काही जास्त कळत नाही आणि वेळ जातो, शिवाय पहाटे तीनला भाकरी खाऊन निघालेल्या बाईच्या पोटात आणखी भर नको होती. शिरेतून मात्र रंगद्रव्य हवंच. त्याशिवायचा 'प्लेन' सीटी या कामात जवळजवळ निरुपयोगी, तरी तो काढून घेऊन येणारे रुग्ण दर हंगामात भेटतात.

सीटीतली सोयीची जखम

प्लीहेच्या खालच्या टोकाला दीड सेंटिमीटर खोल चीर. एक ते तीन सेंटिमीटर म्हणजे दुसरी श्रेणी. रंगद्रव्य बाहेर गळत नव्हतं. रक्तदाब टिकून असलेल्या रुग्णात अशा प्लीहेला हात लावायचा नसतो. खाटेवर झोपवून लक्ष ठेवायचं, बहुतेक आपोआप भरते.

इथे गोष्ट संपवता आली असती. फासळी मोडली, प्लीहा थोडी फाटली, खांदा दुखला, पोटात थोडं पाणी दिसलं, सगळं जुळलं. दूर शहरात बसून फोनवर अहवाल देणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञांचं पहिलं वाक्यही तेच होतं. मी एकच विचारलं: प्लीहेभोवती किती रक्त आहे? जवळजवळ नाहीच. आणि खाली? खाली मध्यम प्रमाणात, आतड्यांच्या बेचक्यांत, सीटीच्या मापाने घनता चाळीसच्या आसपास, म्हणजे रक्तच. मग हे रक्त वरून कुठल्या वाटेने आलं?

त्यांनी चित्रं पुन्हा, सावकाश पाहिली. डाव्या बाजूच्या आंत्रबंधनीतली चरबी धुरकट झालेली. तिथल्या लहान आतड्याची भिंत जाड. एक वेढा जुन्या व्रणामागे पोटाच्या भिंतीला टेकलेला. मोकळी हवा कुठेच नाही.

यकृत, प्लीहा यांसारख्या कुठल्याही भरीव अवयवाला जखम नसताना पोटात पाणी दिसलं तर आतड्याचा संशय घ्या, हे प्रत्येक निवासी डॉक्टरला पाठ असतं. पण भरीव अवयवाला जखम आहे आणि तरी पाण्याचा हिशेब तिच्याशी जुळत नाही, हे जास्त फसवं. छोटी प्लीहेची चीर ही फार सोयीची जखम असते. ती उत्तर देऊन मोकळी होते आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. माझ्या मते सीटीचा अहवाल वाचताना प्रत्येक जखमेपुढे तिच्या वाट्याचं रक्त मांडावं आणि शिल्लक काय उरते ते पाहावं.

दहा वाजता पुन्हा रक्त पाठवलं होतं. हिमोग्लोबिन ८.४, पांढऱ्या पेशी १८,२००. आतड्याच्या जखमेचा अंदाज बांधायला तीन गोष्टींचा एक साधा ताळा वापरतात: पांढऱ्या पेशी १७ हजार किंवा जास्त, पोट दाबल्यावर दुखणं, आणि सीटीत आंत्रबंधनीला मार असून शेजारी आतड्याची भिंत जाड किंवा वेढ्यांत पाणी. तीनपैकी दोन असली तरी संशय बळकट. तिच्यात तिन्ही होती. ताळा नसता तरी मी पोट उघडलंच असतं, पण नातेवाइकांना आणि भूलतज्ज्ञांना पटवायला आकडा बरा पडतो.

इथेच की पुढे

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं का, यावर दहा मिनिटं खल झाला. पाठवण्याच्या बाजूने: तिथे अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, प्लीहा पुढे बिघडली तर हाताशी माणसं. विरुद्ध बाजूने: १०८ बोलावून, रस्ता कापून, तिथे पुन्हा पहिल्यापासून तपासणी होऊन टेबलावर जाईपर्यंत दुपार उलटणार. आतडं फाटलेल्या रुग्णात आठ तासांहून कमी उशीरही महागात पडतो. सर्जन आहे, भूलतज्ज्ञ आहे, जुळवलेल्या दोन पिशव्या आहेत आणि तिसरी येते आहे, असं असताना न पाठवणं हेच शहाणपणाचं होतं. यातलं काही एक नसतं तर साडेसातलाच, सीटीची वाट न बघता, पाठवून दिलं असतं. पाठवायचं की नाही ही गोष्ट सीटीनंतर नव्हे, रुग्ण दारात येतो तेव्हाच मनाशी ठरवायला घ्यावी लागते.

संमतीच्या वेळी नवऱ्याने विचारलेला पहिला प्रश्न उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा होता: हंगाम बुडाला तर मुकादमाचे पैसे कसे फेडायचे? आमच्याकडे उत्तर नव्हतं. पोलीस चौकीला एमएलसी, म्हणजे अपघाताच्या रुग्णाची कायदेशीर नोंद, कळवलेली होती, कामावर झालेल्या अपघाताची नोंद कागदावर असणं पुढे तिच्याच उपयोगाचं. मुकादमाला ती नको होती.

आत काय होतं

सव्वाअकराला पोट उघडलं, बेंबीच्या वरून सुरुवात करून, कारण जुन्या व्रणातून थेट शिरलं तर चिकटलेलं आतडं कापलं जातं. पोटात साडेचारशे मिलीच्या आसपास रक्त. इलियमचा, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा, एक वेढा जुन्या व्रणाच्या मागे घट्ट चिकटलेला. त्याच्या लगत आंत्रबंधनी आतड्यापासून आठेक सेंटिमीटर लांब सुटून आलेली. आतडं दोन्ही टोकांना धरलेलं आणि मधे मोकळं, बादलीच्या कडीसारखं. तेवढा भाग काळसर-जांभळा, रक्तपुरवठा तुटलेला. त्यातच अर्ध्या सेंटिमीटरचं भोक, शेजारच्या वेढ्याने झाकून धरलेलं. म्हणून हवाही बाहेर पडली नव्हती आणि पोट लाकडासारखं कडकही झालं नव्हतं.

भोक नसतं तरी हा तुकडा एक-दोन दिवसांत सडून फुटला असता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'बरं वाटतंय' म्हणून घरी गेलेले रुग्ण पाचव्या दिवशी पूभरल्या पोटाने परत येतात, ते बहुधा याच जखमेने.

काळवंडलेला पंधरा सेंटिमीटरचा भाग काढून टोकं जोडली. तिचा रक्तदाब टिकून होता, अंग गार पडलेलं नव्हतं, म्हणून जोडणं योग्य. ती थंड पडली असती, रक्त गोठेनासं झालं असतं, तर टोकं नुसती बांधून पोट झाकून बाहेर पडलो असतो आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो असतो. मग नियमाप्रमाणे सगळं आतडं पहिल्या वळणापासून गुदाशयापर्यंत हाताखालून घातलं, दोन्ही बाजूंचा पडदा चाचपला, जठरामागची पिशवी उघडून स्वादुपिंड पाहिलं. एक जखम सापडली म्हणून थांबायचं नाही, हे पोट उघडल्यावरही लागू. प्लीहेवर साकळलेलं रक्त तसंच ठेवलं, ते पुसायच्या भानगडीत पडलो नाही. बीजांडकोश दोन्ही काढलेले होते. हे तिला चार वर्षांनी आमच्याकडून कळलं.

पुढे

दोन पिशव्या रक्त लागलं. प्लीहेसाठी नाडी आणि हिमोग्लोबिनवर तीन दिवस लक्ष ठेवलं. चौथ्या दिवशी पेज सुरू केली. जखमेच्या खालच्या टोकाला थोडा पू झाला, एक टाका काढून निभावलं. नवव्या दिवशी घरी.

घरी म्हणजे फडाजवळच्या कोपीवर, झोपडीवर नव्हे, गावी, एवढं तरी मुकादमाकडून कबूल करून घेतलं. टोळी हंगाम संपेपर्यंत परतणार नव्हती, तिची आई येऊन घेऊन गेली.

सुट्टीच्या कार्डावर नेहमीच्या औषधांशिवाय चार गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिल्या. प्लीहा शाबूत आहे, त्यामुळे प्लीहा काढलेल्यांना द्यायच्या लसी हिला लागत नाहीत. तीन महिने ओझं, मोळी, हंडा काहीही उचलायचं नाही. डाव्या बरगडीखाली किंवा खांद्याला एकाएकी दुखलं, घेरी आली, तर त्याच दिवशी जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, कारण प्लीहेतून उशिरानेही रक्त येऊ शकतं. चौथी गोष्ट तिशीच्या आतच दोन्ही बीजांडकोश गेल्यामुळे हाडं ठिसूळ होण्याबद्दलची, आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवणारी. पाचवी ओळ पुढच्या सर्जनसाठी होती: पोट दोनदा उघडलेलं आहे, चिकटे आहेत, इलियमचा पंधरा सेंटिमीटर भाग काढलेला आहे, उलट्या आणि पोटफुगी घेऊन आली तर आतडं अडकल्याचा विचार आधी करावा.

कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून नवऱ्यालाही पाठवला. फडात कागद टिकत नाही.